जिभेखालची दोरी



आज ऐकता ऐकता एक करून बघा. हातातलं काम चालू राहू द्या. तोंड मोठं उघडा आणि जिभेचं टोक वर टाळूला लावा. लागलं? आता जीभ बाहेर काढा, खालच्या ओठाच्या पुढे येते का बघा. मग तोंड मिटून जीभ डावीकडच्या दाढांवरून फिरवा, नंतर उजवीकडच्या. घरात कुणी हसत असेल तर त्यालाही करायला लावा.

बहुतेकींना हे जमलं असेल. आरशासमोर जीभ वर केली की तिच्याखाली मधोमध एक पातळ पडदा दिसतो. तो जिभेला तोंडाच्या तळाशी जोडतो आणि तो सगळ्यांनाच असतो. काहींचा मात्र जन्मापासून आखूड किंवा जाड असतो, कधी पार टोकापर्यंत आलेला असतो. मग जीभ वर जात नाही आणि बाहेर काढली की टोकाला मधे खाच पडून बदामाचा आकार होतो. डॉक्टर याला टंग टाय म्हणतात. आपण म्हणतो, जीभ जड आहे, जीभ चिकटली आहे, दोरी आहे. वेगवेगळ्या पाहण्यांत 100 नवजात बाळांमागे 4 ते 10 बाळांना ही दोरी आढळते. त्यातल्या पुष्कळांना आयुष्यात काहीच त्रास होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

हा विषय आमच्याकडे आला तो कर्जाच्या अर्जातून. गटाच्या मासिक बैठकीत एका ताईंनी 15,000 रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, जिभेचं ऑपरेशन. वय बत्तीस, दोन मुलं, शिवणकाम करतात. सहा वर्षांत त्यांनी बैठकीत उठून कधी बोलल्याचं आम्हाला आठवत नव्हतं. हिशोब त्यांचा चोख, पण ताळेबंद वाचायची पाळी आली की वही शेजारणीकडे सरकवायच्या. आम्हाला वाटायचं, लाजाळू आहेत. त्या दिवशी त्यांनी सांगितलं की 'ताळेबंद' हा शब्दच त्यांना नीट म्हणता येत नाही. लहानपणी घरचे म्हणायचे, मोठी झाली की जीभ सुटेल. लग्न ठरवताना सांगितलं होतं, पाहुणे आले की तू फक्त मान हलव. बँकेत नाव सांगितलं की समोरचा म्हणतो, पुन्हा बोला, आणि मागच्या रांगेतलं कुणीतरी हसतं.

त्यांना मोबाईलवर एक जाहिरात दिसली होती. लेझरने जीभ मोकळी करा, ओठही मोकळा करा, बोलणं सुधारेल, मानदुखी जाईल, घोरणं थांबेल. त्या एका खासगी दवाखान्यात जाऊनही आल्या होत्या. तिथे पाच मिनिटांत तपासून जीभ आणि ओठ दोन्ही कापायला सांगितलं आणि एकत्रच दर सांगितला. आम्ही ठरवलं, कर्ज नाकारायचं नाही, पण पैसे देण्याआधी दुसऱ्या ठिकाणी दाखवून घ्यायचं. गाय घ्यायला कर्ज देतो तेव्हाही आपण आधी गाय बघून येतोच.

आमच्यातल्या दोघी ताईंबरोबर सरकारी दंत महाविद्यालयात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी तपासायलाच अर्धा तास घेतला. जीभ वर, बाहेर, दोन्ही बाजूंना करायला लावली. पडदा जिभेला जिथे लागतो तिथून टोकापर्यंतची मोकळी जीभ मोजली. ती 16 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर साधारण ठीक समजतात. ताईंची 9 भरली. पण डॉक्टर म्हणाले, नुसत्या मापावर सुरी चालवत नाही, जीभ काय करू शकते आणि काय नाही ते बघतो. काहींची दोरी आखूड असते तरी बोलणं-खाणं झकास चाललेलं असतं. त्यांना हात लावायचं कारण नसतं.

मग त्यांनी ताईंना वाणीतज्ज्ञांकडे पाठवलं. बोलण्याचे दोष तपासून त्यावर व्यायाम देणारे ते वाणीतज्ज्ञ. तिथे जे कळलं ते आम्हाला फार मोलाचं वाटलं. प, ब, म आपण ओठांनी म्हणतो, क आणि ग जिभेच्या मागच्या भागाने. त्यांना दोरीची अडचण येत नाही. त आणि द ला टोक दातांपर्यंत गेलं की भागतं. ट, ड, ण, ळ म्हणताना मात्र टोक उचलून वर टाळूकडे न्यावं लागतं, आणि र म्हणताना ते वर थरथरावं लागतं. दोरी आखूड असेल तर गाडी अडते ती इथे. म्हणजे कोणते आवाज चुकतात यावरून पुष्कळ कळतं. सगळेच आवाज अस्पष्ट असतील, तर कारण दुसरं असू शकतं. ऐकू कमी येतं का, तेही तपासावं लागतं.

बोलताना अडखळणं, एकच अक्षर पुन्हा पुन्हा येणं, ज्याला आपण तोतरेपणा म्हणतो, तो या दोरीमुळे होत नाही आणि ती कापून जातही नाही. त्याचे उपचार वेगळे आहेत. आणि बोलीभाषा म्हणजे दोष नव्हे बरं का! वऱ्हाडात 'डोळा' नाही, 'डोया' म्हणतात, 'जवळ' नाही, 'जवय' म्हणतात. त्या बायांच्या जिभा अगदी ठणठणीत आहेत. शाळेत यावरून पोरींना हसणाऱ्यांचीच तपासणी करायला हवी.

ताईंना बोलण्याखेरीज आणखी एक त्रास होता, तो त्यांनी कधी कुणाला सांगितला नव्हता. जेवल्यावर दाढांच्या कडेला अडकलेला घास जिभेने काढता येत नाही. आपण ते दिवसातून पन्नास वेळा नकळत करतो. त्या चारचौघांत बोट घालायला लाजायच्या, अन्न तिथेच राहायचं आणि दोन दाढा किडल्या होत्या. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं ते असं: जिभेची शस्त्रक्रिया करावी, नंतर वाणीतज्ज्ञांचे व्यायाम. ओठाला हात लावण्याची गरज नाही.

आता शस्त्रक्रियेबद्दल. मोठ्या माणसात हे काम बहुधा त्या जागेपुरती भूल देऊन होतं. दाढ काढताना देतात तसं इंजेक्शन. अर्ध्या तासाच्या आत उरकतं, त्याच दिवशी घरी येता येतं. पडदा पातळ असेल तर नुसता छेद देतात. जाड असेल तर पडदा काढून टाकतात, किंवा नागमोडी छेद देऊन, आपण ब्लाउज तंग झाल्यावर तिरकं कापून माया काढतो तसं, लांबी वाढवतात आणि टाके घालतात. हे टाके पुष्कळदा आपोआप विरघळणारे असतात. साधन कात्री असो, सुरी असो की लेझर. लेझरने रक्त कमी येतं हे खरं, पण लेझर आहे म्हणून बोलणं जास्त सुधारतं असं नाही. कुणाच्या हातात आहे ते महत्त्वाचं. कारण त्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना लाळ येण्याच्या नळ्यांची तोंडं असतात, खाली रक्तवाहिन्या असतात, जवळून जिभेच्या संवेदनेची नस जाते. नळीला धक्का लागला तर जिभेखाली सूज धरते, नस दुखावली तर बधिरपणा राहू शकतो. असं क्वचित होतं, पण होतं. म्हणून घरी ब्लेड, नख, दोरा, असलं काही कुणी सुचवलं तर त्या माणसाला उंबऱ्याबाहेरच ठेवा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, साखरेचा आजार असेल, दिवस गेले असतील, तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं.

पुढचे आठ दिवस तिखट-गरम बंद. ताईंनी मऊ भात, ताक, गार केलेली पेज यावर काढले. जखमेवर पांढरट-पिवळट थर येतो, तो पू नसतो, भरत आलेल्या जखमेची ती साय असते. ताप आला, सूज वाढत गेली, रक्त थांबेना, तर मात्र लगेच दाखवायचं.

खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि जाहिरातीत नेमकं तेच नसतं. जखम भरताना कातडी आकसते. जीभ हलवली नाही तर ती पुन्हा चिकटू शकते आणि दोरी पहिल्यापेक्षा जाड होते. म्हणून डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून, सांगतील तसे, जीभ वर-खाली-बाजूला करण्याचे व्यायाम रोज कितीतरी वेळा करायचे, काही आठवडे. त्याशिवाय तीस वर्षं जिभेला एका चाकोरीतून चालायची सवय लागलेली असते. दोरी सुटली तरी जिभेला नवी वाट माहीत नसते, ती शिकवावी लागते. लहान मूल 'र' शिकतं तसा 'र' शिकायचा, बत्तिसाव्या वर्षी, शिवणयंत्रावर बसून. ताईंना पहिल्या महिन्यात काहीच फरक वाटला नाही आणि त्या रडल्या. वाणीतज्ज्ञांनी आधी सांगून ठेवलं नसतं तर त्यांनी व्यायाम सोडून दिले असते.

मानदुखी, डोकेदुखी, घोरणं, पाठीचा बाक, हे सगळं मोठ्या माणसाची जिभेची दोरी कापून बरं होतं, असं छातीठोक सांगण्याइतका पुरावा आज डॉक्टरांकडे नाही. मोठ्यांवर मुळात अभ्यासच थोडे झालेत. आम्हाला विचाराल तर नुसत्या मानदुखीसाठी आम्ही गटाचे पैसे या शस्त्रक्रियेला देणार नाही.

आता ओठाची दोरी. वरचा ओठ उचलला की आत मधोमध हिरडीला जोडलेला पडदा दिसतो, हाही सगळ्यांना असतो. तो फार खाली, पुढच्या दोन दातांच्या मधे उतरला असेल तर दातांत फट राहते. ओठ ओढला की दातांमधली हिरडी पांढरी पडते का, हे दंतवैद्य बघतात. हिरडी ओढली जाऊन दाताचं मूळ उघडं पडत असेल, घासताना ब्रश तिथे पोचत नसेल, किंवा म्हातारपणी कवळी सारखी निसटत असेल, तर हा पडदा काढायला सांगतात आणि त्याचा उपयोग होतो. फट बुजवायची तर आधी तारेने दात जवळ आणतात, मग पडदा काढतात. उलट केलं तर जखमेचा वण दातांच्या आड येतो. मुलांमध्ये तर घाईच नको. अकरा-बारा वर्षांच्या सुमारास पक्के सुळे येतात तेव्हा फट पुष्कळदा आपली आपण मिटते. आणि फट आहे, पण त्रास काहीच नाही, तर हसा की तशाच! आमच्या गटात अशा तिघी आहेत.

सगळ्यात महत्त्वाचं मुद्दाम मागे ठेवलंय. सुरुवातीला सांगितलेलं ज्यांना जमलं नाही, त्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारा. लहानपणापासून जमत नाही, की आधी जमायचं आणि आता जमेना झालंय? जन्माची दोरी नंतर कधी येत नाही. आधी जीभ नीट बाहेर यायची आणि आता येत नाही, तिखट झोंबतं, गालाची आतली बाजू पांढरट आणि ताठ लागते, तर हा सुपारी-गुटख्याचा आजार असू शकतो. आपली तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांत जातात का बघा. जात नसतील तर लवकर दाखवा. यात दोरी कापून काही होत नाही, कारण आतलं सगळं मांसच घट्ट होत चाललेलं असतं, आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. सुपारी त्या दिवसापासून बंद. मिश्री लावणाऱ्या मावश्यांनी जिभेखाली आणि गालात स्वतः आरशात बघावं. पंधरा दिवसांत न भरलेला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, दुखत नसली तरी दाखवायची. दुखत नाही म्हणून बाया थांबतात, आणि तिथेच उशीर होतो.

कुठे दाखवायचं? जिल्हा रुग्णालयात दंत विभाग असतो आणि कान-नाक-घसा विभाग असतो, दोन्हीकडे हे बघतात. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. सरकारी दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. वाणीतज्ज्ञांसाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक येतं, त्यांना सांगा. मोठ्यांसाठी असं पथक नाही, आपल्यालाच उठून जावं लागतं. जाताना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या: माझे कोणते आवाज या दोरीमुळे अडतात? कापल्यावर व्यायाम कोण शिकवणार, किती आठवडे? नाही कापलं तर काय होईल? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जो डॉक्टर शांतपणे देतो, त्याच्याकडे जायला हरकत नाही.

ताईंचं कर्ज शेवटी 4,000 रुपयांचं झालं. जाण्या-येण्याचं भाडं, औषधं आणि बुडालेली शिलाई धरून. पाच हप्त्यांत फिटलं. आता सात महिने झालेत. 'र' स्वच्छ येतो, 'ळ' दमल्यावर अजून घसरतो. नवरा म्हणतो, मला काही फरक कळत नाही. सासूबाई म्हणतात, मला कळतो, आता ही उलटून बोलते. दाढांची साफसफाई जिभेने होते, हे ताईंना सगळ्यात आवडलंय. ताळेबंद त्यांनी गेल्या महिन्यात अर्धा वाचला, उरलेला शेजारणीकडे दिला. या महिन्याची बैठक येत्या 12 तारखेला आहे, पाळी त्यांचीच आहे. नमस्कार.