ठेवलेले तिथेच राहू द्या



आज तुम्हांला मी मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या छोट्या देशाच्या जंगलात नेणार आहे. सोबत चार मित्र घ्या. परवाना असलेला वाटाड्याही हवा. त्याच्याशिवाय आत सोडत नाहीत. गुहेचे नाव आक्तुन तुनिचिल मुकनाल, म्हणजे दगडी थडग्याची गुहा.

पाऊण तास जंगलातून चालायचे आणि वाटेत तीनदा नदी ओलांडायची. गुहेच्या तोंडाशी पाणी इतके खोल, की आत शिरायचे ते पोहतच. पुढे डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात, कधी घोटाभर तर कधी छातीभर पाण्यातून, प्रवाहाच्या उलट जायचे. पुढचा मागच्याला सांगतो, ‘इथे दगड निसरडा आहे, जपून.’ शेवटी एका कोरड्या दालनात चढून गेलात, की वाटाड्या बूट काढायला लावतो. मोजे मात्र पायांत ठेवायचे. मोज्यातले पाऊल जपून पडते, आणि अंगाचा घाम-तेल चुनखडीला लागत नाही.

समोर मातीची भांडी. चुन्याच्या पाण्याने ती जमिनीशी सांधली गेली आहेत. बहुतेक इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकांतली. माया लोक गुहेला शिबाल्बाचे, म्हणजे पाताळाचे दार मानत. पर्जन्यदेव चाक याचा वासही गुहेत असे. कित्येक भांडी मुद्दाम फोडलेली किंवा भोक पाडलेली आहेत. आपल्याकडे अंत्यविधीत मडक्याला भोक पाडून ते फोडतात. या दोन चालींचा एकमेकींशी संबंध नाही. पण फुटलेल्या मडक्यापुढे माणूस गप्प का होतो, हे तुम्हांला समजावून सांगावे लागणार नाही.

तिथे चौदा माणसांचे अवशेषही आहेत, त्यांत तान्ही मुलेसुद्धा. एका सांगाड्यावर चुन्याचे चकाकते स्फटिक चढले, म्हणून त्याला ‘स्फटिककन्या’ म्हणू लागले. आता तो तरुण मुलाचा असावा असे मानतात. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

२०१२ साली एका पर्यटकाच्या हातून कॅमेरा निसटला आणि एका कवटीला भोक पडले. तेव्हापासून आत कॅमेरा न्यायला बंदी आहे.

तुम्ही विचाराल, मग हे सगळे उचलून संग्रहालयात का ठेवत नाहीत? कारण वस्तूइतकीच तिची जागाही बोलते. हायमे आवे, हॉली मॉयेस आदी संशोधकांनी कोणते भांडे कुठे ठेवले आहे याची बारकाईने नोंद केली. त्यावरून त्यांनी असे मांडले, की अवर्षणाच्या काळात लोक गुहेत अधिकाधिक खोल जाऊन पावसासाठी अर्पण करू लागले. भांडी उचलून कपाटात मांडली असती, तर ती नुसती भांडी उरली असती. त्या माणसांची वणवण कुणाला कळली नसती.

मेक्सिकोत चिचेन इत्झाजवळ बालामकू नावाची गुहा आहे. गावकऱ्यांना ती ठाऊक होती. १९६६ मध्ये ती बुजवली गेली आणि २०१८ मध्ये पुन्हा उघडली. आत दीडशेहून अधिक वस्तू सापडल्या, त्यांत धूपपात्रे पुष्कळ. संशोधकांनी त्या न हलवता जागच्या जागी अभ्यासायचे ठरवले.

श्रोतेहो, पावसासाठी कुणीतरी हे काळोखात ठेवून गेले. तिथे जाल तेव्हा तुम्ही आणि तुमचे मित्र हात मागे बांधून उभे राहा, पाहा, आणि जसे आहे तसे ठेवून परत या.