अपंगांचे अनुदान: भीक नव्हे, हक्क



आपल्या जिल्ह्यातील ज्या घरांत एखादा आंधळा मुलगा, पांगळी बहीण किंवा अंथरुणास खिळलेला बाप आहे, त्या घरांविषयी आज मला बोलावयाचे आहे. सरकार अशा माणसांस आता दिव्यांग म्हणते. नाव सन्मानाचे आहे. परंतु नावाने चूल पेटत नाही.

मागील जन्मीच्या पापाने अपंगत्व येते, ही शिकवण आपण टाकून दिली आहे. तेव्हा अपंगास मिळणारे साहाय्य हे कोणाचे पुण्य नव्हे. संविधानाच्या 41 व्या अनुच्छेदात वार्धक्य, आजार व अपंगत्व या प्रसंगी सार्वजनिक साहाय्याची तरतूद राज्याने करावी, असे म्हटले आहे. त्यापुढे जाऊन 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे 24 वे कलम सांगते की, अपंगांचे साहाय्य इतरांच्या तशाच योजनेहून निदान 25 टक्के अधिक असले पाहिजे.

आता हिशेब पाहा. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान 2023 साली 1000 वरून 1500 रुपये झाले. कायद्याप्रमाणे अपंगास निदान 1875 रुपये मिळावयास हवे होते. मिळाले 1500 च. जून 2025 मध्ये गुरुकुंज मोझरी येथे बच्चू कडू यांनी उपोषण करून 6000 रुपयांची मागणी केली. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 2500 रुपये ठरविले. ही वाढ मागितल्याशिवाय आली नाही, हे विसरू नका. केंद्राचा 300 रुपयांचा वाटा मात्र 2012 साली होता तेथेच थांबला. आणि तोही 80 टक्के वा अधिक अपंगत्व असणाऱ्यासच.

रक्कम वाढली म्हणून चिंता मिटली नाही. कुटुंबाच्या उत्पन्नाची 50,000 रुपयांची मर्यादा म्हणजे साऱ्या घरास दिवसाला 137 रुपयांच्या आत. शेतमजुराच्या घरात दोघे कामास गेले, तर अपंग मूल अपात्र ठरते! ऑक्टोबर 2024 च्या नियमांनी प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिन्यांवर नेली. कित्येकांस जिल्हा रुग्णालय फार दूर पडते. चालता न येणाऱ्यास तेथवर कोणी न्यावे, आणि त्या दिवसाची मजुरी कोणी भरून द्यावी?

खोटी प्रमाणपत्रे शोधावीत, याविषयी दुमत नाही. त्यासाठी 91 व्या कलमात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही सांगितले आहेत. लबाडास ती शिक्षा अवश्य व्हावी. परंतु तपासणी पुरी होईपर्यंत खऱ्या अपंगाचे अनुदान अडविणे म्हणजे चोराचा दंड निरपराध्याकडून वसूल करणे होय.

म्हणून आपण काय करावे? आपल्या वस्तीतील प्रत्येक अपंगाची यादी करा. ज्याचे प्रमाणपत्र नाही, त्याचा अर्ज आजच भरा. हयातीचा व उत्पन्नाचा दाखला वेळेवर द्या. तहसील कचेरीत दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या. अनुदान बंद झाल्यास त्याचे कारण लेखी मागा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील 5 टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावयाची असते. तिचा हिशेब ग्रामसभेत उभे राहून विचारा.

जो स्वतः कचेरीची पायरी चढू शकत नाही, त्याच्यासाठी ती चढणे हे आपणा धडधाकटांचे कर्तव्य आहे. ते उद्यावर टाकू नका.