जुने नकाशे आणि आपला ओढा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस भिंतीकडे बघून हमखास विचारतो, "काका, हे जुने नकाशे कशाला जमवता? मोबाईलवर सगळं दिसतं की!" प्रश्न रास्त आहे. मोबाईल आज काय आहे ते दाखवतो. जुना नकाशा पूर्वी काय होतं ते दाखवतो, आणि तो काढणाऱ्याला किती ठाऊक होतं तेही दाखवतो. आज आपण त्या काढणाऱ्यांविषयी बोलू, आणि शेवटी आपल्या सोसायटीच्या एका कामाकडे येऊ.

सन १६१९ मध्ये लंडनला मुघल बादशहाच्या मुलखाचा एक नकाशा छापला गेला. तो काढला विल्यम बॅफिन नावाच्या दर्यावर्दीने. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात वाट शोधणारा बॅफिन तो हाच. जहांगीरच्या दरबारातून परतणाऱ्या वकील सर टॉमस रो यांच्याकडून त्याला माहिती मिळाली. आग्र्याहून लाहोरला जाणारा, दुतर्फा झाडी असलेला रस्ता त्यात मोठ्या हौसेने दाखवला आहे. कारण तो रस्ता परक्यांच्या डोळ्यांत भरला होता! त्या काळच्या बहुतेक युरोपियन नकाशांत आपल्याकडची बंदरं, म्हणजे चौल, दाभोळ, गोवा, ठळक असतात. सह्याद्री चढून वर आलं की कागद जवळजवळ कोरा. जहाजातून जेवढं दिसलं तेवढंच कागदावर आलं.

पुढे जेम्स रेनेल आला. १७६७ ते १७७७ तो बंगालचा सर्व्हेअर जनरल होता. १७८२ साली त्याने हिंदुस्थानचा मोठा नकाशा प्रसिद्ध केला. त्याच्या कोपऱ्यात एक चित्र आहे: ब्राह्मण मंडळी ब्रिटानियाच्या हाती आपले ग्रंथ देत आहेत. नकाशा कोणासाठी काढला ते सांगायला एवढं चित्र पुरे. पण एका गोष्टीचं श्रेय रेनेलला द्यायला हवं. गुजरातच्या भागासाठी त्याला सदानंद नावाच्या एका ब्राह्मणाचा नकाशा उपयोगी पडला. रेनेलने आपल्या पुस्तकात सदानंदाचं नाव घेतलं आणि त्याच्या बुद्धीची तारीफही केली. एवढ्या एका उल्लेखामुळे सदानंद आज आपल्याला माहीत आहे. असे किती सदानंद नाव न राहता गेले असतील, विचार करा.

आता लॅम्बटनची गोष्ट. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ जमिनीवर एक सरळ रेघ मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचत देश मोजायला घेतला. त्याचं कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचं होतं. १८०८ मध्ये तंजावरला, म्हणजे आपल्या भोसल्यांच्या तंजावरला, ते देवळाच्या उंच शिखरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आपटलं. दुसरा असता तर विलायतेला पत्र लिहून बसला असता. हा गडी तंबूत शिरला आणि सहा आठवडे खपून त्याने यंत्र स्वतः सरळ केलं. १८२३ साली काम चालू असतानाच तो वारला, तो आपल्या महाराष्ट्रात, हिंगणघाटला. त्याचं थडगं तिथे आहे.

"मग आपल्या लोकांनी नकाशे काढलेच नाहीत का?" काढले, भरपूर काढले. मराठी नकाशांची रीत वेगळी. उत्तर वरच हवी असा हट्ट नाही. डोंगर समोरून दिसतो तसा उभा काढायचा, नदीची पाण्यासारखी जाड पट्टी, किल्ल्याला तटबुरूज, आणि नावं मोडीत किंवा बाळबोधीत. इंचाचा हिशेब त्यात सापडणार नाही. पण वाटेत कोणता घाट, कोणती चौकी, पाणी कुठे, हे स्वारीवर जाणाऱ्याला नेमकं कळे. आपल्यापासून हाकेच्या अंतरावर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा. तिथल्या दप्तरातले पुष्कळ कागद दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी मिळवून जपले. त्यांचा संग्रह साताऱ्याच्या संग्रहालयात होता. १९३९ मध्ये तो पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. एका माणसाने वेळेवर हात घातला म्हणून ते कागद वाचले.

आणि ज्या नकाशाशी आपला सगळ्यांचा रोजचा संबंध येतो, तो जमीन मोजणीचा. इंग्रज अधिकारी विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी १८३६ च्या सुमाराला इंदापूर तालुक्यात जी पद्धत बसवली, ती पुढे मुंबई इलाखाभर गेली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा: १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. आपण भाव विचारतो तो गुंठा असा साखळीतून आला बरं का! टिपणावर अधिकाऱ्याची सही सापडते. चिखलात साखळी ओढणाऱ्याचं नाव मात्र सापडत नाही.

हा छंद कुणाला लागलाच तर दोन-चार गोष्टी सांगतो. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या अस्सल नकाशाला चौकटीबाहेर पत्र्याच्या दाबाची खूण असते. भिंगातून पाहिलं आणि रंगाचे बारीक ठिपके दिसले, तर ती अलीकडची छपाई. जुन्या ॲटलासची पानं सुटी करून विकतात, ती घेण्यापेक्षा अख्खं पुस्तक जपलेलं बरं. घरच्या जुन्या नकाशाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. सुती कापडात सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. वाईतले वाडे एकेक करून उतरताहेत. वाडा पाडताना माळ्यावरच्या ट्रंका रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडून बघा. त्यातला मोडी कागद वाचता आला नाही, तर वाचणारी माणसं अजून आहेत.

आता आपलं काम. मागच्या ओढ्यावर स्लॅब टाकून पार्किंग करायचा विषय येत्या सर्वसाधारण सभेत आहे. गाड्यांची अडचण खरी आहे, मलाही ती रोज दिसते. पण माझ्याकडे सर्व्हे ऑफ इंडियाची आपल्या भागाची जुनी शीट आहे, नंबर ४७ जी/१३. तिच्यावर डोंगराकडून कृष्णेकडे येणारी एक बारीक काळी रेघ आपल्या मागच्या कुंपणातून जाते. पुष्कळांना ती पायवाट वाटते. या शीटांवर बारमाही पाणी निळं दाखवतात आणि फक्त पावसाळ्यात वाहणारा ओढा काळा. उन्हाळ्यात आपण जिथे कचरा टाकतो, ती पाण्याची वाट आहे, आणि ती आपल्या आधीपासून तिथे आहे. जुलैत खालच्या पार्किंगमध्ये घोटाभर पाणी येतं ते उगीच नाही. वरच्या उतारावर आता प्लॉट पडले आहेत, म्हणजे पाणी पूर्वीपेक्षा जास्त वेगाने खाली येणार.

म्हणून माझी विनंती एवढीच. स्लॅबचा ठराव घेण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढू. त्यात ओढ्याची रुंदी बघू, आणि मग जाणकार इंजिनिअरला विचारू. मग सभेने जो निर्णय घ्यायचा तो घ्यावा.

दुसरी गोष्ट. या पंचवीस वर्षांत आपल्या पाण्याच्या पाइपलाइन तीनदा वळवल्या गेल्या, ड्रेनेजची चेंबरं फरशीखाली गेली, आणि कोणती लाइन कुठून जाते हे आज फक्त आपल्या जुन्या प्लंबरमामांना माहीत आहे. ते वयाने थकले आहेत. दिवाळीच्या आत त्यांना मानाने बोलावू, त्यांच्याबरोबर सगळ्या आवारात फिरू आणि एका मोठ्या कागदावर ते सांगतील तसं काढू. आपली कॉलेजातली मुलं हे काम हौसेने करतील. त्या कागदाखाली तारीख घाला, आणि मामांचं नाव ठळक अक्षरात लिहा.

माझी शीट येत्या रविवारी सकाळी ऑफिसातल्या टेबलावर मांडून ठेवतो. भिंगही ठेवतो. ज्यांना ती काळी रेघ स्वतः बघायची आहे त्यांनी जरूर यावं, आणि सभेला येण्याआधी यावं.