न थांबणारा कॉम्प्रेसर

मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेतील शीतक वायू दाबणारा कॉम्प्रेसर सहसा इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो आणि त्याच्या पुलीवरील विद्युतचुंबकीय क्लच, म्हणजे वीज मिळताच पुली व कॉम्प्रेसरचा दांडा जोडणारी चकती, त्याला सुरू किंवा बंद करते. एसी बंद करूनही ही चकती फिरत राहिली, तर बाष्पक, म्हणजे केबिनमधील हवा थंड करणारी जाळी, गोठून हवेचा झोत मंदावतो आणि इंधनही वाया जाते.

तपासणीत इंजिन बंद करून क्लचचा रिले, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा स्विच, काढावा व इंजिन पुन्हा सुरू करावे. चकती थांबली, तर रिलेचे चिकटलेले संपर्क, सदोष तापमान संवेदक किंवा नियंत्रण परिपथ यांपैकी एकात दोष असतो, आणि तसाच दुसरा रिले बसवल्यावर तो रिलेतच आहे की नाही, हे उमगते. वीज तोडूनही चकती फिरत असेल, तर क्लचच यांत्रिकरीत्या अडकलेला असतो.

मात्र काचेवरील धुके घालवण्याच्या स्थितीत अनेक गाड्यांत कॉम्प्रेसर आपोआप चालतो आणि क्लचविरहित कॉम्प्रेसर इंजिनाबरोबर सतत फिरतो. हा बिघाड नव्हे. शीतकाच्या नळ्या मात्र प्रशिक्षित तंत्रज्ञानेच उघडाव्यात.