गावचे मैदान आणि भारताचा हॉकी संघ

(लोणंद येथे शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानावरून)



सातारा जिल्हा म्हटला की कुस्ती आठवते, आणि ते साहजिकच आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. हॉकीचे नाव मात्र आपल्याकडे दीर्घकाळ खडकीसारख्या छावणीच्या वस्तीशीच जोडले गेले. धनराज पिल्ले तेथेच वाढले आणि चार ऑलिंपिक स्पर्धा खेळले.

हे चित्र आता बदलले आहे. लोणंदच्या शेजारच्या फलटण तालुक्यातील आसूची वैष्णवी फाळके आणि वाखरीची अक्षता ढेकळे या दोघी भारतीय संघातून खेळल्या. दोघींचीही वाट शासनाच्या पुणे येथील क्रीडा प्रबोधिनीतून गेली.

वैष्णवीचे २०२३ हे वर्ष पाहा. जूनमध्ये जपानमधील काकामिगाहारा येथे भारतीय मुलींनी दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून कनिष्ठ गटाचा आशिया चषक प्रथमच जिंकला. त्या संघात ती होती. हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कांस्यपदक मिळविणाऱ्या वरिष्ठ संघातही ती होती. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये रांची येथे अंतिम सामन्यात जपानचा ४-० असा पराभव करून भारताने आशियाई चॅम्पियन्स करंडक पटकाविला. २०२४ साली राजगीर येथे चीनला १-० असे नमवून तो राखला. त्या दोन्ही विजयांतही तिचा वाटा आहे.

पण खेळाची दुसरी बाजूही आहे. जानेवारी २०२४ मध्ये रांचीलाच जपानकडून अवघ्या एका गोलाने हार झाली आणि भारतीय महिला संघाची पॅरिस ऑलिंपिकची संधी हुकली. अडीच महिन्यांपूर्वी ज्यांना चार गोलांनी हरविले, त्यांच्याकडूनच ही हार पत्करावी लागली. तरीही त्याच वर्षी संघ राजगीरला पुन्हा उभा राहिला. मुलांना यशाबरोबर ही गोष्टही सांगावी.

आता आपल्या कर्तव्याचा विचार करू. हॉकीचे पूर्ण मैदान ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असते. मोठे सामने कृत्रिम हिरवळीवर होतात. असे मैदान प्रत्येक गावाला परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. चेंडू अडविणे, वळविणे, सहकाऱ्याकडे देणे हे प्राथमिक धडे सपाट, खडे वेचलेल्या शाळेच्या पटांगणावरही शिकता येतात. मात्र होतकरू मूल वेळीच कृत्रिम हिरवळीवर गेले पाहिजे, कारण तेथे चेंडूचा वेग निराळा असतो. ते मूल हेरणे हे शिक्षकाचे काम, आणि पटांगण मोकळे राखणे हे पंचायतीचे.

पटांगणावर एकदा बांधकाम झाले, की ती जागा मुलांना परत मिळत नाही. आणखी एक अडचण घरातली. लहान वयात मुलीला वसतिगृहात पाठविण्यास आईवडील कचरतात. अशा वेळी शिक्षकाने आणि सरपंचाने त्या घरी जाऊन बसावे, निवासाची आणि शिक्षणाची माहिती द्यावी, मनातील शंका दूर कराव्यात.

प्रबोधिनी खेळाडू घडविते, परंतु तिच्या दारापर्यंत मूल पोहोचविणारा गावच असतो. आसू आणि वाखरी यांनी ते करून दाखविले. लोणंद परिसरातील गावांनीही हे काम हाती घ्यावे, एवढीच विनंती.