द्राक्षाचा नवा वाण : पारख आणि प्रसार



खानापूर तालुका हा भरपूर पावसाचा, भातशेतीचा मुलूख. द्राक्षबागा आहेत त्या बेळगाव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, अथणीकडील कोरड्या हवेत. येथे द्राक्ष लावावे की नाही, हे ठरविण्यापूर्वी नवा वाण कसा सिद्ध होतो, ते समजून घेणे अगत्याचे आहे.

बी पेरल्यास मूळ वेलीचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. म्हणून द्राक्षाची लागवड काड्यांपासून किंवा खुंटावर कलम करून होते. क्वचित एखाद्या डोळ्यात निसर्गतः बदल घडतो व त्या फांदीला निराळे मणी येतात. चाणाक्ष बागायतदार तिच्या काड्या वेगळ्या वाढवितो आणि गुण टिकतो काय, हे काही हंगाम पाहतो. तासगाव तालुक्यातील बोरगाव येथे ‘थॉमसन सीडलेस’मधून ‘तास-ए-गणेश’ची निवड झाली. सोलापूर जिल्ह्यात नान्नज येथे नानासाहेब काळे यांनी लांब मण्यांचा ‘सोनाका’ निवडला.

दुसरा मार्ग संकराचा होय. फूल उमलण्यापूर्वी त्यातील पुंकेसर काढावयाचे, दुसऱ्या वाणाचे पराग लावावयाचे, बियांपासून रोपे वाढवून एकेक वेल पारखावयाची. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकन ‘कटावबा’ व बिनबियांचे ‘ब्यूटी सीडलेस’ यांच्या संकरातून ‘एआरआय-५१६’ हा वाण सिद्ध केला. तो बुरशीजन्य रोगांना प्रतिकारक, छाटणीनंतर ११० ते १२० दिवसांत तयार होणारा आणि रस, जॅम व लाल मद्यास उपयुक्त आहे.

प्रतिकारक वाण पावसाच्या मुलखास आशादायक वाटणे स्वाभाविक आहे. तथापि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या माहितीत त्याची शिफारस महाराष्ट्र, तेलंगणा, तमिळनाडू, पंजाब व पश्चिम बंगाल या राज्यांसाठी होती. कर्नाटकाचा त्यात उल्लेख नव्हता. शिवाय प्रतिकारक म्हणजे रोगमुक्त नव्हे. ओली पाने व दमट हवा केवड्यास पोषक असते, आणि मांडव, खुंट व कलमे यांचा खर्च पहिले फळ हाती येण्यापूर्वीच करावा लागतो.

म्हणून कर्ज काढून सबंध शेत गुंतवू नये. खात्रीच्या ठिकाणाहून कलमे आणून, पाण्याचा निचरा होणाऱ्या जागी मोजक्याच वेली लावाव्यात. छाटणी, पाऊस, रोग व उत्पन्न यांची नोंद निदान तीन हंगाम ठेवावी. या कामी शाळेतील मुलांचे साहाय्य घेता येईल. ती वही अनुकूल कौल देईल, तेव्हाच लागवड वाढवावी.