ज्युदो : मृदू मार्ग



ज्युदो म्हणजे दांडगाई, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक ‘ज्यु’ म्हणजे मृदू आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोतील एका बौद्ध मंदिरात ही विद्या शिकविण्यास आरंभ केला. प्रतिपक्षाने ढकलले तर आपण सरावे आणि त्याचा तोल गेला की त्याच क्षणी ओढावे. त्याचेच बळ त्याला खाली आणते. सामन्यात ठोसा नाही, लाथ नाही. पहिला धडा पाडण्याचा नसून पडण्याचा असतो. हनुवटी छातीशी घेऊन, हात चटईवर आपटून पडले म्हणजे डोक्याला मार बसत नाही.

केइको फुकुदा या जेमतेम पाच फुटांच्या बाईंनी १९३५ साली ही विद्या हाती घेतली. लग्नाने ती सुटेल म्हणून त्या अविवाहित राहिल्या. १९५३ मध्ये त्यांना पाचवी श्रेणी मिळाली. त्यापुढची श्रेणी स्त्रियांना देतच नसत! सहावीसाठी त्यांना १९७२ पर्यंत थांबावे लागले. दहावी, सर्वोच्च श्रेणी अमेरिकेतील संस्थेने त्यांना २०११ मध्ये दिली, तेव्हा त्यांचे वय ९८ होते. ऑलिंपिकमध्येही पुरुषांचा ज्युदो १९६४ साली आला. स्त्रियांना पदके मिळू लागली ती १९९२ पासून.

म्हणून माझी विनंती एवढीच, की ‘पडशील हो!’ म्हणून मुलींना अडवू नये. पडावे कसे आणि उठावे कसे, हे त्यांना शिकू द्यावे.